भरतीला जातो

आधीच सांगून ठेवते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. ऱ्हस्व-दीर्घ बाईंनी शिकवलं असेल, पण चौथीनंतर शाळा सुटली आणि ते शाळेतच राहिलं. माझी ओळ वहीच्या रेघेवर बसत नाही, पाणी उतरल्यावर चिखलात रुतलेल्या होडीसारखी एका बाजूला कलते. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी माफी मागितल्याशिवाय मला सुरुवातच करता येत नाही, कारण लग्नानंतर पहिली काही वर्षं ह्यांना जी पत्रं लिहिली ती सगळी अशीच सुरू व्हायची. 'अक्षराला हसू नये, चूकभूल माफ असावी.' खाली दोन ओळी, घरचे सर्व ठीक, आणि पत्र संपलं. पुढे फोन आले, पत्रं बंद झाली. ह्यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला. नाव उखाण्यात घेतलं तेवढं पुरे. आमची मुलगी मनीषा कॉलेजला आहे, तिच्या गेल्या वर्षीच्या वहीत मागची पानं कोरी राहिली आहेत. ती वाया जाऊ नयेत हे एक, आणि आज सकाळपासून मन जागेवर नाही हे दुसरं.

आज किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहिल्या. वाळूत बांबू रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि त्यांवर ओले बोंबील वाळत घालायचे, त्याला आम्ही वलांडी म्हणतो. उत्तरेचा वारा सुटून अंगाला कोरडा लागू लागला की आमच्या नरपडच्या किनाऱ्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वलांड्याच दिसतात. एकीकडून वाड्यांतल्या पिकल्या चिकूंचा वास येतो, दुसरीकडून बोंबलांचा. चिकू घ्यायला आलेले व्यापारी नाकाला रुमाल लावतात. मला मात्र तो वास आला आणि बांबू रोवता रोवता हात थांबला. शेजारची पार्वतीवहिनी म्हणाली, "काय गो, कुठे पोचलीस?"

"कुठे नाही," मी म्हटलं. खरं तर मी गेल्या वर्षात पोचले होते. हे पेन्शन आले, त्या हंगामात.

फौजेतली माणसं असंच म्हणतात, 'पेन्शन आलो.' रिटायर झालो म्हणत नाहीत. आधी वाटायचं, पेन्शन हे काश्मीरसारखं एखादं ठिकाण असेल, तिथे बदली होते आणि मग माणूस परत पाठवत नाहीत.

त्याआधी हे नेहमी सुट्टीवर यायचे. सुट्टीवरचा माणूस म्हणजे पाहुणा. रिक्षातून उतरायची ती काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. ती बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून ठेवायची, आणि ह्यांचे कपडे तिच्यातच असायचे. काढायचे, धुवायचे, घडी करून परत ट्रंकेत. बाहेर लावून काय करणार? पुन्हा भरायचेच असतात. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी मला एकच नियम घालून दिला होता. "सुट्टीवरच्या माणसाशी भांडायचं नाही. माणूस निघून जातो आणि बोललेला शब्द घरात राहतो." मी तो पाळला. पापलेट आलं तर ते ह्यांच्या ताटात. कालवणात मीठ जास्त पडलं तरी हे म्हणायचे, "मस्त झालंय." मी विचारायची, जेवायला काय करू? हे म्हणायचे, "काहीही चालेल." आळीत सगळ्यांना वाटायचं, केवढा गुणाचा जोडा! इतकी वर्षं झाली, एक भांडण नाही.

मला मात्र त्याचीच भीती वाटायची. ज्याच्याशी कधी भांडले नाही त्याच्याबरोबर रोज राहायचं कसं? आणि त्याला तरी माझ्याबरोबर राहवेल का? आमच्या आळीच्या टोकाला एक फौजी आहेत. पेन्शन आले, महिनाभर ओट्यावर बसले, आणि सुरतेला बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायला गेले. आता तेही सुट्टीवर येतात. त्यांची बायको एकदा विहिरीवर म्हणाली, "फौज सुटली गो, पण सुट्टी काय सुटली नाही." आम्ही हसलो. घरी येईपर्यंत मला त्यातलं हसू सापडेना.

पेन्शनला वर्ष राहिलं तसे ह्यांचे फोन बदलले. आधी फोनवर विचारायचे, तब्येत कशी, मनीषाचा अभ्यास कसा, पैसे पोचले का. आता विचारायला लागले, पाण्याची मोटर कोण लावतं? दूध कोणाकडून घेतेस? पावसात मागची भिंत अजून गळते का? जसं काही नव्या ठाण्यावर बदली झाली आहे आणि आधी सगळी माहिती घेऊन ठेवायची आहे. आणि एकदा, मध्येच थांबून म्हणाले, "आपल्या घरात माझी खुंटी कुठली?"

मी भिंतीकडे बघितलं. एका खुंटीवर माझी साडी होती. एकीवर मनीषाची बॅग. तिसरीवर सासूबाईंची छत्री, त्या गेल्यापासून तिथेच. ह्यांची खुंटी नव्हती. इतक्या वर्षांत कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

"आहे ना," मी म्हटलं. फोन ठेवला आणि हातोडी शोधायला गेले.

त्याच सुमाराला शेवटच्या सुट्टीत आम्ही डहाणूला जोडफोटो काढायला गेलो. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. लग्नानंतर आमचा दोघांचा असा फोटो नव्हताच. स्टुडिओत दोन स्टुलं होती. मी एकावर बसले आणि दुसरं थोडं लांब सरकवलं. फोटोवाला गुजराती होता, चांगलं मराठी बोलायचा. म्हणाला, "बेन, जरा जवळ या. सरकारला वाटेल दोन वेगळे माणूस आहेत." मी पदर सावरत बोटभर सरकले. "अजून." मी अजून बोटभर. शेवटी तो हैराण होऊन ह्यांना म्हणाला, "साहेब, तमे सरको." हे असे ताठ बसले होते की जागचे हलेनात. समोर बघायचा हुकूम झाला होता ना! फोटोत मी घाबरलेली आहे आणि हे सीमेवर उभे आहेत.

मी तो पार्वतीवहिनीला दाखवला. तिने ओल्या हातांनीच घेतला आणि वलांडीकडे बोट केलं. "त्यांच्याकडून शिक जरा!" आमच्याकडे बोंबील वाळत घालताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. एकटा बोंबील दोरीवर राहतच नाही, घसरून वाळूत पडतो. त्या दिवशी सगळ्या बायका हसल्या. मी फोटो पदरात लपवून पळाले.

आता बाबांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. माझं माहेर ह्याच गावात, दोन आळ्या पलीकडे. आमच्याकडे अशी रीत आहे. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला हंगाम सुरू होताना तांडेल खलाशांना काही पैसे आगाऊ देतो. ते घेतले की तो माणूस हंगामभर त्या होडीचा. हंगाम संपून वाटे पडले की त्याच्या वाट्यातून आगाऊ कापून घ्यायचा. हातात परत घ्यायचा नाही. हातात परत केला म्हणजे मी तुमचा नाही असं तोंडावर सांगितलं.

हे एकोणीस वर्षांचे होते तेव्हा ह्यांनी बाबांकडून आठशे रुपयांचा आगाऊ घेतला. त्या काळी ती मोठी रक्कम. दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी आमच्या ओट्यापाशी येऊन म्हणाले, "तांडेल, उद्या भरतीला जातो."

बाबा जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "जा की. भरतीला नाही तर काय ओहोटीला जाणार?"

मी तिथेच सुकट निवडत बसले होते. मलासुद्धा काही वेगळं वाटलं नाही. आमच्याकडे भरती म्हणजे पाण्याची. पाणी चढतं, होडी तरंगते, तेव्हा निघायचं. दुसऱ्या दिवशी पाणी चढलं, होडी तरंगली, सगळे आले. हे आले नाहीत. बाबा कमरेएवढ्या पाण्यात होडीला हात लावून वाट बघत उभे राहिले. पाणी उतरायला लागलं तसे नाइलाजाने निघाले. आणि हे त्या वेळी फौजेच्या भरतीच्या मैदानात धावत होते.

तो हंगाम एक माणूस कमी. ह्यांच्या जागी बाबांनी स्वतः जाळं ओढलं आणि उजवा खांदा कायमचा दुखावला. थंडीत अजून आई त्याला तेल चोळते. पहिल्या सुट्टीत हे पैसे घेऊन आले, तर बाबांनी हात मागे घेतला. "मी पैसे दिले नव्हते. हंगाम घेतला होता. हंगाम दे."

"पण मी सांगून गेलो होतो, तांडेल."

"काय सांगून?"

"भरतीला जातो म्हणून."

अख्खी आळी हसली. बाबा हसले नाहीत. त्यांना आठशे रुपयांचं नव्हतं. किनाऱ्यावर सगळ्यांच्या देखत वाट बघत उभं राहावं लागलं, त्याचं होतं. त्या दिवसापासून बाबांच्या तोंडून भरती हा शब्दच गेला. "पाण्याला या," म्हणायचे. "पाणी कधी आहे?" विचारायचे. तांडेलाच्या तोंडात भरती नाही, लोकांना गंमत वाटायची.

आमचं लग्न ठरलं ते आईमुळे. ती म्हणाली, "पळाला तो फौजेत पळाला, दारूच्या गुत्त्यावर नाही. ह्याहून चांगला पळालेला जावई कुठे मिळणार?" बाबा कबूल झाले, पण मांडवातच सांगून मोकळे झाले, "मुलगी दिली. आगाऊ सोडला असं कोणी समजू नये." फौजेतून पळणाऱ्याला भगोडा म्हणतात, हे एका सुट्टीत ह्यांनीच गप्पांत सांगितलं, आणि बाबांनी तो शब्द उचलला. मन बरं असलं की, "काय भगोड्या, कधी आलास?" आणि राग असला की जावईबापू. ह्यांना फौजेत किती मेडल मिळाली, शिस्तीचा केवढा नावाजलेला हवालदार, पण नरपडच्या किनाऱ्यावर हे भगोडेच. मी दोघांच्या मध्ये बोंबलाच्या दोरीसारखी. एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला.

गेल्या वर्षी कार्तिकात हे पेन्शन आले. पलटणीने हार घालून निरोप दिला, तो सुकलेला हारसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. ट्रंक नेहमीच्या जागी ठेवली. मी ठोकलेली खुंटी दाखवली. "छान आहे," म्हणाले आणि तिच्यावर फक्त टॉवेल टाकला. कपडे ट्रंकेतच राहिले. मी रोज येता-जाता बघायची.

पहाटे चारला उठायचे. ओटा झाडायचे, मग झाडलेला ओटा परत झाडायचे. चपला आकाराप्रमाणे ओळीने लावायचे. मनीषाला म्हणाले, "चादर चौकोनी घडी झाली पाहिजे." ती म्हणाली, "पप्पा, चादरीची परेड कोण बघायला येणार आहे?" हे हसले, पण मग तासभर ओट्यावर बसून राहिले. गावात कोणी भेटलं की एकच, "आता पुढे काय?" कोणी म्हणायचं जीप घ्या, कासा-चारोटीला चालेल. कोणी म्हणायचं दुकान टाका. हे सगळ्यांना "बघू" म्हणायचे.

मग एका फौजी दोस्ताने तलासरीच्या पुढे हायवेला एका कारखान्यात गार्डच्या मोठ्या जागेचं सांगितलं. हे बघून आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट. आल्यावर पाणी पिऊन म्हणाले, "पगार बरा आहे. राहायला खोलीपण देतात. रोज जा-ये करायला नको."

"कशी आहे खोली?" मी विचारलं.

"चांगली आहे. भिंतीला खुंट्या आहेत."

मी आत गेले आणि तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच होते.

भांडण झालं ते त्यानंतर दोन दिवसांनी. मी माझ्या भावाच्या होडीवरचे ओले बोंबील घेते, वाळवते आणि कासाच्या बाजारात विकते. बाबांचे गुडघे गेल्यापासून होडी भाऊच, गणेश, नेतो. त्या दिवशी ह्यांना म्हटलं, मी डहाणूला जाऊन येते, एवढी एक वलांडी भराल का? हे खूश झाले. कोणीतरी काम सांगितलं ना!

परत आले तर वलांडी दुरूनच दिसली. अशी वलांडी नरपडच्या किनाऱ्यावर आजवर कोणी बघितली नसेल. मोठ्याशेजारी मोठा, छोट्याशेजारी छोटा, सगळे खांद्याला खांदा लावून सावधान. मध्ये बोटसुद्धा शिरणार नाही. वारा जायला जागा नको? मी दोन जोड्या बाजूला करून वास घेतला. आतून आंबट सुटला होता, माश्या बसल्या होत्या. दोरीच्या दोरी वाया गेली.

"हे काय केलंत? वारा कुठून जाणार?"

"बघ तरी, एक वाकडा नाही."

"वाकडा नाही म्हणून वाळतो का? सडले सगळे!"

"अगं, शंभर-दोनशे रुपयांच्या बोंबलांसाठी एवढं..."

"शंभर-दोनशे?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तुमचे पैसे यायला उशीर व्हायचा तेव्हा घर ह्याच बोंबलांवर चाललं! मनीषाचं दप्तर ह्यावर, सासूबाईंचं औषध ह्यावर!"

"बस करो! क्या तमाशा लगा रखा है!" राग आला की हे हिंदीत बोलतात, तेही मला त्याच दिवशी कळलं.

"हिंदीत ओरडू नका! मी तुमच्या पलटणीतली नाही!"

शेजारच्या वलांडीवर पार्वतीवहिनी हातात बोंबलाची जोडी घेऊन तशीच उभी होती. मी मोठ्याने बोलते हे तिला माहीतच नव्हतं. हे वळले आणि किनाऱ्याने चालायला लागले. ताठ, हात मागेपुढे. मी सडलेले बोंबील काढत राहिले. सासूबाई डोक्यात बसून सारखं म्हणत होत्या, शब्द घरात राहतो. मला वाटत होतं, शब्द राहील आणि माणूस तलासरीला जाईल.

ऊन उतरल्यावर घरी आले. बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि भिंतीजवळ रिकामी जागा दिसली. ट्रंक नव्हती. खाली जमिनीवर तिचा चौकोन तेवढा उमटलेला. मी टोपली डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिले. मग मान वळवली आणि खुंटी दिसली. तिच्यावर टॉवेल होता, त्यावर शर्ट, त्यावर पँट, त्यावर स्वेटर, त्यावर पुन्हा शर्ट. ती बिचारी खुंटी वाकली होती. बाकीचे कपडे खाली, चौकोनी घड्या घालून.

मनीषा आतून म्हणाली, "पप्पा ट्रंक घेऊन आजोबांकडे गेलेत. तू काय त्यांना बोललीस किनाऱ्यावर? पार्वतीकाकी सगळ्या आळीला सांगतेय."

मी धावतच गेले. बाबा ओट्यावर जाळं शिवत होते, आई दारात. ट्रंक मध्ये ठेवलेली आणि हे उभे. मी कुडाआड थांबले.

"जावईबापू, ही पेटी कशाला?" बाबा विचारत होते. म्हणजे राग होता.

"दोर, जाळ्याच्या बुया ठेवायला घ्या. मला आता लागत नाही."

"बरं. आणि?"

"आणि हंगाम भरायचाय."

बाबांची सुई थांबली नाही. "पोट बघ. वय बघ. फौजेत दर्यात नेत होते का?"

"नाही. डोंगरात."

"मग ओकशील."

"ओकीन."

"गणेश तुझ्याहून लहान आहे. तो शिव्या घालेल."

"घालू दे."

"मधूनच कुठे मैदानात धावायला गेलास तर?"

हे मग म्हणाले, "आज माझ्या बायकोने मला झापलं, तांडेल. पहिल्यांदा. पाहुण्याला कोणी झापत नाही."

आई तोंडाला पदर लावून आत गेली. बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. "पहाटेच्या पाण्याला ये," म्हणाले. "आणि बूट घालून येऊ नकोस."

हे ओकले. तीन दिवस ओकले. गणेश सांगायचा, पोरं म्हणतात, फौजीने माशांना चारा घातला म्हणून जाळं भरलं. बोंबलाचं जाळं पाण्याच्या ओढीवर लावतात, पाण्याला रविवार नसतो, पहाट-दुपार नसते. हाताला दोराने भेगा पडल्या. मी तेल लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे, मग दोर निसटतो." आणि एके दिवशी किनाऱ्यावर उतरून, ओल्या चड्डीत, टोपली माझ्या डोक्यावर देता देता म्हणाले, "काय केलंयस जेवायला?"

"वालाचं बिरडं."

"परत? कालपण तेच होतं."

मी तिथेच हसायला लागले. ह्यांना कळेना काय झालं. इतकी वर्षं 'काहीही चालेल' ऐकून मला वाटायचं ह्यांना जिभेला चवच नाही. त्या दिवशी कळलं, ह्यांना वालाचं बिरडं आवडत नाही. कधीच आवडत नव्हतं. लग्नापासून दर सुट्टीत मी पहिल्या दिवशी तेच करायची.

मग आम्ही पुष्कळ भांडलो. मोटर चालू राहिली म्हणून, चपला ओळीत नाहीत म्हणून, टीव्हीच्या आवाजावरून. मनीषा कंटाळून म्हणाली, "तुम्ही आधी बरे होतात." मला मात्र रात्री शांत झोप लागायची. बोललेला शब्द घरात राहायचा, पण माणूसही राहायचा. सकाळी दोघं मिळून त्या शब्दाचं काय करायचं ते करायचो.

कारखान्यातून फोन यायचे. एकदा मी जवळच होते. हे म्हणाले, "साहब, अभी पुरानी ड्यूटी बाकी है. किसी और को रख लो." तिकडून काहीतरी विचारलं असावं. "नहीं साहब," हे म्हणाले, "फौज से भी पुरानी." ती जागा सुरतेहून परत आलेल्या त्या फौजींना मिळाली. तलासरी सुरतेपेक्षा जवळ, दर आठवड्याला घरी येता येतं. त्यांची बायको आता दर रविवारी कपाळाला मोठं कुंकू लावते.

वलांडीसुद्धा ह्यांना हळूहळू जमली. पहिल्यांदा मी हात धरून दाखवलं. ह्याचा जबडा त्यात, असा, आणि मग सोडून द्यायचं. वारा त्यांना हलवतो, हलू द्यायचं. हे म्हणाले, "सगळे वेडेवाकडे दिसतात."

"वाळतात पण," मी म्हटलं.

जेठात दर्या बंद व्हायच्या आधी होड्या वर ओढल्या. ह्यांचा आवाज त्या वेळी कामाला आला. "जोर लगा के" म्हटलं की अख्खी आळी एका दमात खेचायची, आणि बाबा काठी टेकून बघत होते. दुसऱ्या दिवशी ओट्यावर वाटे पडले. होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, मग माणसांचे. ट्रंक मध्ये ठेवलेली, तिच्यावरच पैसे मांडलेले. पांढऱ्या रंगातलं नाव आता मिठाने अर्धं खाल्लं आहे. आम्ही बायका दारात. एकेकाचा वाटा हातात पडत होता. ह्यांची पाळी आली तेव्हा बाबांनी चष्मा पुसला, नोटा मोजल्या आणि त्यांतून आठशे रुपये वेगळे काढून ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवले. बाकीचे ह्यांच्या हातात दिले.  आईने माझा हात धरला होता, तो किती घट्ट होता ते नंतर बांगडीचा वळ बघून कळलं.

ह्यांनी पैसे मोजले नाहीत, तसेच कपाळाला लावले.

बाबांनी मग दुसऱ्या पुडक्यातून काही नोटा काढल्या आणि ह्यांच्यापुढे धरल्या. "पुढल्या हंगामाचा आगाऊ. घेतोस?"

"नको," हे म्हणाले.

 बाबांचा हात तसाच पुढे राहिला.

"आगाऊ नको, बाबा. मी असाच येईन."

तांडेल नाही, बाबा. हे त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हणाले. बाबांनी नोटा पुडक्यात परत ठेवल्या. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दर्याकडे तोंड करून, जसं काही रोजचंच सांगताहेत अशा आवाजात म्हणाले, "नारळी पौर्णिमा झाली की ये मग. भरतीला ये."

गणेशने चमकून वर बघितलं. आईने माझा हात सोडला.

बाबांनी वाकून ट्रंकेच्या कोपऱ्यातले आठशे रुपये उचलले, पुन्हा एकदा मोजले, धोतराच्या कनवटीला लावले आणि वरून हात फिरवला.

"फिटले," म्हणाले.